नाडी एकशे ऐंशी आणि ड्यूटीवर तुम्ही एकटे

पहाटे साडेतीनला फोन वाजतो. "मॅडम, सात नंबरचा रेट एकशे ऐंशी दाखवतोय." पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं, ते इथे लिहितेय. नव्याने ड्यूटी लागलेल्या रेसिडेंटसाठी. माझी बावीस वर्षं आयसीयू आणि कॅज्युअल्टीत गेली. खाली जे आहे ते पुस्तकातही सापडेल, फक्त क्रम वेगळा आहे. पुस्तक रिदमच्या नावापासून सुरू होतं. पलंगाशी नाव सगळ्यात शेवटी कळतं, आणि कधी कधी ते कळायच्या आत पेशंट बरा करावा लागतो.

फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारा. पेशंट बोलतोय का, बीपी किती, हाताला नाडी लागते का. आणि सांगा, मी येतेय, तोवर डिफिब्रिलेटर (शॉक देणारं मशीन) पलंगाशी आणा, पॅड चिकटवा, बारा लीडचा ईसीजी लावा. पॅड उगाच चिकटवले म्हणून कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही.

आधी बोट मनगटावर

मॉनिटर थापा मारतो. एकदा एक इंटर्न अमिओडॅरोन (बिघडलेला रिदम मोडणारं औषध) भरलेली सिरिंज घेऊन धावत आलेला मी पाहिलाय, आणि पलंगावर पेशंट निवांत दात घासत होता. हात हलला की पडद्यावर हुबेहूब व्हीटी उमटतो, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, व्हेंट्रिकलमधून, उठणारा धोक्याचा वेगवान रिदम. थंडी वाजून कापणारा पेशंट, पार्किन्सनचा पेशंट, सुटत आलेला इलेक्ट्रोड, सगळ्यांचं तेच. अशा वेळी बोटाच्या ऑक्सिमीटरची लाट बघा. वरती रेट १९० आणि खाली लाट शांतपणे ८० ने चाललीय, तर खरी ती लाट. मग पट्टी नीट पाहिली की त्या गोंधळातही ठरावीक अंतरावर टोकदार क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची रेघ, डोकं वर काढताना दिसतात.

नाडी लागतच नसेल, पेशंट हाक मारून उठत नसेल, तर वाचन थांबवा आणि छाती दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२०, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. व्हीएफ (व्हेंट्रिकल नुसतं थरथरतंय, ठोका नाहीच) किंवा नाडी नसलेला व्हीटी दिसला की शॉक, सिंक न करता (क्यूआरएसशी न जुळवता), बायफेजिक मशीनवर १२० ते २०० जूल. तुमच्या मशीनचा आकडा ठाऊक नसेल तर जास्तीत जास्त. शॉकनंतर नाडी शोधत बसायचं नाही, थेट दोन मिनिटं कॉम्प्रेशन. दुसऱ्या शॉकनंतर ॲड्रेनालिन १ मिलिग्रॅम, मग दर ३ ते ५ मिनिटांनी. तिसऱ्यानंतर अमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम. हे वाचणारा डॉक्टर नसेल तर एवढंच: समोरचा माणूस कोसळला, हलवून उठत नाही, श्वास घेत नाही किंवा माशासारखा आ करून आचके देतोय, तर ते आचके म्हणजे श्वास नव्हे. ॲम्ब्युलन्स बोलवा, छाती दाबा, जवळ एईडी (स्वतःच रिदम ओळखून शॉक देणारं मशीन) असेल तर मागवा.

नाडी आहे, पण माणूस ढासळतोय

चार खुणा बघायच्या. बीपी ९० च्या खाली आणि अंग गार, घामेजलेलं. शुद्ध हरपत चाललेली, किंवा अचानक असंबद्ध बोलणं. छातीत अटॅकसारखं दुखणं. फुप्फुसात पाणी भरून धाप. यातली एक जरी असेल आणि रेट १५० च्या वर असेल, तर औषधाचा विचार सोडा आणि शॉकची तयारी करा.

रेट १५० च्या खाली असेल तर मात्र थांबा. रेट १२५, बीपी ७०. इथे बहुधा हृदय धावतंय म्हणून बीपी पडलेलं नसतं, बीपी पडलंय म्हणून हृदय धावतंय. रक्तस्राव, सेप्सिस, फुप्फुसातली गुठळी शोधा. सायनस टॅकिकार्डियाला, म्हणजे वेगात चाललेल्या नेहमीच्याच लयीला, शॉक देऊन काही मिळत नाही. तो ओळखायची माझी आवडती युक्ती म्हणजे दोन मिनिटं गप्प उभं राहून आकडा बघणं. सायनसचा आकडा हलतो: १३२, १२८, १३५, सलाईन गेलं की १२०. रीएंट्रीचा (विजेचा प्रवाह एकाच वर्तुळात फिरत राहतो तेव्हाचा) आकडा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा असतो: १७८, १७८, १७८. शिवाय २२० मधून वय वजा करा. सत्तरीच्या म्हाताऱ्याचा सायनस १८० वर जात नाही.

आता शॉक. इथे थोडं सावकाश सांगते, कारण यात हात थरथरतात. पेशंट शुद्धीवर असेल तर गुंगी द्या. मिडाझोलाम, केटामीन, एटोमिडेट, जे तुमच्या हातात बसलंय ते, आणि बीपी कमी असल्याने नेहमीच्या निम्म्या डोसने सुरुवात. ऑक्सिजनचा मास्क काढून लांब ठेवा, नुसता बाजूला सरकवू नका. मग मशीनवर सिंकचं बटण. ते दाबलं की प्रत्येक क्यूआरएसच्या डोक्यावर एक छोटी खूण उमटायला लागते. ती खूण खरंच क्यूआरएसवर आहे ना, हे डोळ्यांनी बघा. कधी कधी मशीन उंच टी वेव्हलाच (क्यूआरएसनंतर येणाऱ्या लाटेला) क्यूआरएस समजतं. मग लीड बदला. टी वेव्हवर पडलेला शॉक सुस्थितीतल्या रिदमचा व्हीएफ करू शकतो, म्हणून तर १९६२ मध्ये बर्नार्ड लाऊन यांनी शॉक क्यूआरएसशी जुळवून द्यायची पद्धत आणली.

रुंद आणि नियमित रिदमला १०० जूल. अरुंद आणि नियमितला ५० ते १००. एट्रियल फिब्रिलेशनला (वरचे कप्पे, म्हणजे एट्रियम, बेशिस्त थरथरतात त्याला) मी सरळ २०० ने सुरुवात करते. रुंद आणि वेडावाकडा असेल तर मशीनला जुळवायला क्यूआरएसच सापडत नाही, तिथे सिंक सोडून पूर्ण जूल.

"सगळे बाजूला," मोठ्याने, आणि स्वतःही. मग बटण दाबा आणि दाबूनच ठेवा. मी पहिल्यांदा दिला तेव्हा बटण दाबलं, काहीच झालं नाही, म्हणून लगेच सोडलं. मशीन क्यूआरएसची वाट बघत होतं. शेजारच्या वयस्कर सिस्टरनी माझं मनगट धरून परत बटणावर नेलं, "धरून ठेवा मॅडम, ते त्याच्या वेळेने सोडतं." दुसरी गोष्टही त्यांनीच शिकवली: एका शॉकनंतर बरीच मशीन्स आपोआप सिंकमधून बाहेर पडतात. दुसऱ्या शॉकआधी सिंक पुन्हा दाबायचं. आणि मधेच पेशंट व्हीएफमध्ये गेला तर उलट: सिंक बंद, आणि लगेच शॉक.

पेशंट बरा दिसतोय, म्हणजे वेळ आहे

तर मग बारा लीडचा ईसीजी काढा, कुठल्याही औषधाच्या आधी. या कागदाची किंमत नंतर कळते.

पहिला प्रश्न एकच. क्यूआरएस किती रुंद? कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक छोटा चौकोन ४० मिलिसेकंदांचा. तीन छोटे चौकोन किंवा जास्त, म्हणजे रुंद. एका लीडमध्ये अरुंद वाटला तरी बाराही लीड बघा. काही लीडमध्ये सुरुवातीचा भाग सपाट पडतो आणि क्यूआरएस फसवा बारीक दिसतो.

रुंद आणि नियमित निघाला की तो व्हीटी. पुरावा मागू नका. रुंद क्यूआरएसच्या वेगवान रिदमपैकी सुमारे ८० टक्के व्हीटीच असतात, आणि आधी अटॅक येऊन गेला असेल तर ९० टक्क्यांच्याही वर.

हा आकडा मला पाठ होता, तरी मी चुकले. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ स्वतःच्या पायांनी कॅज्युअल्टीत आले. "छातीत जरा फडफडतंय हो," म्हणाले. रेट १७०, बीपी ११०, क्यूआरएस रुंद. चार वर्षांपूर्वी अटॅक आल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं आणि मी ते केसपेपरवर लिहूनही घेतलं. पण डोक्यात एकच बसलं होतं: व्हीटी असता तर हा माणूस असा गप्पा मारत बसला असता का? म्हणजे एसव्हीटीच (व्हेंट्रिकलच्या वरून येणारा वेग), सोबत बंडल ब्रँच ब्लॉक (खाली जाणारी विजेची एक वाट अडलेली, म्हणून क्यूआरएस रुंद). वेरापामिल ५ मिलिग्रॅम दिलं. मुलीच्या लग्नाचं सांगत होते, वाक्य मधेच तुटलं. बीपी ६०. शॉक दिला, परत आले. वेरापामिलने रक्तवाहिन्या सैलावतात, स्नायूचा जोर कमी होतो, आणि व्हीटी मात्र जिथल्या तिथे राहतो. व्हीटी असलेला माणूस तासन्‌तास बसून बोलू शकतो. बीपीवरून रिदमचं निदान होत नाही, फक्त घाई किती करायची ते ठरतं.

ईसीजीवर व्हीटीच्या खुणा आहेत, जरूर शोधा. क्यूआरएसशी काहीही संबंध न ठेवता आपल्या चालीने चाललेले पी वेव्ह (वरच्या कप्प्यांच्या लाटा). मधेच एखादा अरुंद, अगदी नॉर्मल ठोका, किंवा अर्धा नॉर्मल अर्धा रुंद असा संकर. लीड वन आणि एव्हीएफ दोन्हींत क्यूआरएस खाली. व्ही वन ते व्ही सिक्स सगळे एकाच दिशेला. एव्हीआरमध्ये सुरुवातच मोठ्या आर वेव्हने. पलंगाशी मानेकडे बघितलं तर मधूनच एखादी शीर जोरात उसळताना दिसते, कारण एट्रियम बंद झडपेवर आपटतं. ब्रुगाडांनी १९९१ मध्ये यातल्या काही खुणांची पायरीपायरीची रचना दिली, पुढे आणखीही रचना आल्या. मात्र या खुणांचा उपयोग एकाच दिशेने करायचा. सापडली तर व्हीटी पक्का. सापडली नाही, तरी व्हीटीच.

उपचार: अमिओडॅरोन १५० मिलिग्रॅम दहा मिनिटांत, मग मिनिटाला १ मिलिग्रॅम सहा तास, पुढे ०.५ मिलिग्रॅम अठरा तास. दहा मिनिटं म्हणजे खरोखर दहा. भरकन दिलं तर बीपी बसतं. प्रोकेनामाइड मिळत असेल तर तेही चांगलं. २०१७ च्या प्रोकॅमिओ अभ्यासात, छोटा होता तरी, रिदम मोडण्यात ते अमिओडॅरोनपेक्षा सरस ठरलं आणि त्रासही कमी झाला. पण दोन्ही एकावर एक देऊ नका. पहिल्याने भागलं नाही तर दुसरं औषध म्हणजे शॉक, गुंगी देऊन, शांतपणे. पेशंट स्थिर असताना दिलेला शॉक सगळ्यात सुखाचा असतो. तो ढासळेपर्यंत सिरिंजा भरत बसण्याचं कारण बहुतेकदा आपली भीती असते. सोबत पोटॅशियम ४ च्या वर आणि मॅग्नेशियम भरून घ्या.

दोन अपवाद. रुंद आहे पण रेट ११०-१२०, क्यूआरएस अजस्र आणि बेढब, आणि पेशंट किडनीचा: हे रक्तात वाढलेलं पोटॅशियम असू शकतं. रिपोर्टची वाट न बघता १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट ३० मिलिलिटर हळूहळू द्या आणि मॉनिटरकडे बघत राहा. डोळ्यांदेखत क्यूआरएस बारीक होतो. ईसीजीच्या दुनियेत इतकं समाधान दुसऱ्या कशात नाही. दुसरा अपवाद म्हणजे अटॅकची गुठळी विरघळल्यावर येणारा ८०-९० चा रुंद रिदम. त्याला हात लावू नका, तो आपणहून जातो. आणि सुटे सुटे एक्टोपिक (वेळेआधी पडणारे जास्तीचे ठोके) दिसले म्हणून औषध द्यायचा मोह होतो, तोही आवरा. १९८९ मध्ये कास्ट अभ्यासात नेमकं हेच झालं होतं: अटॅकनंतरचे एक्टोपिक फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडने दिसेनासे झाले, आणि मृत्यू वाढले.

वळणारी पट्टी

क्यूआरएसची उंची कमीजास्त होतेय, टोकं वर-खाली पलटताहेत, जणू कुणी रिबन पिळतंय. फ्रेंच डॉक्टर देसेरतेन यांनी १९६६ मध्ये याला तोर्साद द प्वांत म्हटलं. हा मधूनमधून येतो आणि थांबतो, म्हणून रिदम नॉर्मल असताना क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी वेव्हच्या शेवटापर्यंतचं अंतर) मोजायची संधी मिळते. क्यूटीसी, म्हणजे रेटनुसार दुरुस्त केलेला क्यूटी, ५०० मिलिसेकंदांच्या वर असेल तर गुन्हेगार औषधांच्या तक्त्यात शोधा. अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, हॅलोपेरिडॉल, ऑन्डान्सेट्रॉन, मेथाडोन. बऱ्याचदा एक नसून दोन-तीन मिळून असतात, वर जुलाबांनी पोटॅशियम घसरलेलं.

मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम, दहा ते पंधरा मिनिटांत, रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल असलं तरी. पोटॅशियम साडेचारच्या वर न्या. तरीही परत येत असेल तर हृदय थोडं वेगात चालवा, पेसरने (विजेने ठोके पाडणाऱ्या मशीनने) ९० ते ११०, कारण लांब विरामानंतरच हा उठतो. आणि अमिओडॅरोन इथे नको, ते क्यूटी आणखी लांबवतं. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त चूक इथेच होते. रुंद दिसलं की हात सवयीने त्याच अँप्यूलकडे जातो. मात्र पट्टी वळणारी असूनही मधल्या वेळचा क्यूटी नॉर्मल असेल, तर तो तोर्साद नव्हे. तिथे बहुधा हृदयाला रक्त कमी पडतंय. बीटा ब्लॉकर, अमिओडॅरोन, आणि कॅथलॅबला फोन.

रुंद, अनियमित आणि भन्नाट वेग

तरुण पेशंट, रेट २२० च्या आसपास, ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलतंय, क्यूआरएसची रुंदीही ठोक्यागणिक वेगळी, काही ठोके सहा छोट्या चौकोनांपेक्षाही जवळ. हा वुल्फ-पार्किन्सन-व्हाइटमधला एट्रियल फिब्रिलेशन. हृदयात जास्तीची एक वाट आहे. अडेनोसिन, वेरापामिल, डिल्टियाझेम, बीटा ब्लॉकर, डिगॉक्सिन ही सगळी मुख्य वाट अडवतात आणि सगळी गर्दी आडवाटेने खाली लोटतात. पुढचं स्टेशन व्हीएफ. शिरेतून अमिओडॅरोनही नको. शॉक, नाहीतर प्रोकेनामाइड.

अरुंद आणि नियमित

इथे श्वास सोडा. एसव्हीटीने माणूस क्वचितच दगावतो. आधी वालसाल्वा, पण नीट. पेशंटला अर्धवट बसवा, १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये फुंकायला लावा, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, पूर्ण १५ सेकंद. संपल्याबरोबर त्याला सपाट आडवं करा आणि दोन्ही पाय उचलून ४५ अंशांवर १५ सेकंद धरा. २०१५ च्या रिव्हर्ट अभ्यासात नुसत्या फुंकण्याने १७ टक्के पेशंट सायनसमध्ये आले, पाय उचलल्यावर ४३. पाय उचलायला नातेवाईक नको, दुसरा वॉर्डबॉय हवा; वेळ चुकली की गंमत गेली.

नाही जमलं तर अडेनोसिन ६ मिलिग्रॅम, मग १२. याचं अर्धं प्रमाण दहा सेकंदांच्या आत रक्तातून नाहीसं होतं, म्हणून कोपरातली जाड लाइन हवी, आणि पाठोपाठ २० मिलिलिटर सलाईन झपकन. मनगटावरच्या निळ्या कॅन्युलातून दिलं तर पेशंटला फक्त भीती मिळते. ती भीती आधी सांगून ठेवा: "काही सेकंद छाती दाबल्यासारखी वाटेल, जीव जातोय असं वाटेल, मी इथेच आहे." न सांगता दिलेल्या पेशंटने पुढच्या वेळी माझ्याकडून इंजेक्शन घ्यायला साफ नकार दिला होता, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. दम्याच्या पेशंटला देऊ नका. देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवा. रिदम मोडला नाही तरी त्या क्षणभराच्या विरामात फ्लटरचे (वरच्या कप्प्यांत वेगाने फिरणाऱ्या नियमित रिदमचे) करवतीचे दाते उघडे पडतात. रेट बरोबर १५० असेल तर त्यांची वाटच बघा.

अरुंद पण अनियमित म्हणजे बहुतेक वेळा एट्रियल फिब्रिलेशन. पेशंट स्थिर असेल तर रेट आवरा आणि किती वेळापासून आहे ते विचारा. ४८ तासांच्या वर, किंवा माहीत नाही, तर हौसेने सायनसमध्ये आणू नका. एट्रियममध्ये गुठळी असेल तर ती मेंदूत जाते. आधी तीन आठवडे रक्त पातळ ठेवणारं औषध किंवा अन्ननलिकेतून इको.

थांबल्यावर

रिदम मोडला की सगळे निघून जातात. तुम्ही थांबा. लगेच दुसरा बारा लीडचा ईसीजी काढा: एसटी वर आहे का (अटॅकची खूण), डेल्टा वेव्ह दिसतोय का (आडवाटेची खूण), क्यूटी किती. चोवीस तासांत तीनदा व्हीटी आला तर ते वादळ. तिथे बीटा ब्लॉकर आणि गाढ गुंगी अमिओडॅरोनइतकीच महत्त्वाची, कारण प्रत्येक शॉकगणिक भीतीने ॲड्रेनालिन वाढतं आणि ते पुढचा व्हीटी ओढून आणतं. आयसीडी (शरीरात बसवलेलं, आपोआप शॉक देणारं मशीन) विनाकारण शॉक देत असेल तर त्यावर चुंबक ठेवा. शॉक थांबतात, पेसिंग चालू राहतं. चुंबक ठेवलाय तोवर त्या पेशंटचा आयसीडी तुम्हीच, पलंगापासून हलायचं नाही.

आणि शॉकआधीचा तो ईसीजी. त्याचा फोटो काढा, कारण थर्मल कागदावरची रेघ काही वर्षांत उडते. मूळ कागद केसपेपरला टाचा, वर वेळ, बीपी, आणि कुठलं औषध दिल्यावर काय झालं ते लिहा. ॲब्लेशन करणारा (बिघडलेली जागा जाळून रिदम थांबवणारा) डॉक्टर त्यावरूनच ओळखतो व्हेंट्रिकलच्या कुठल्या कोपऱ्यातून हे निघालं. एक प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून पेशंटकडे द्या, "कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी हे दाखवा" म्हणून. त्या वेरापामिलवाल्या गृहस्थांना पुढे आयसीडी बसला. त्यांच्या पट्टीची झेरॉक्स माझ्या खणात आहे. नव्या रेसिडेंटला ती देते आणि लीड टूमधले सुटे पी वेव्ह शोधायला सांगते. तीन आहेत. त्या रात्री मला एकही दिसला नव्हता.